चेंडूला पाय आधी लागला, तरी पेनल्टी कशी?

प्रश्न थोडक्यात असा. कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा सामना, १-१ बरोबरी, ८६वं मिनिट. स्ट्रायकर चेंडू घेऊन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, शिरला. डिफेंडरने बाजूने घसरत टॅकल केलं. बुटाचं टोक चेंडूला लागलं, चेंडू हातभर सरकला आणि पाठोपाठ डिफेंडरचा मागचा पाय स्ट्रायकरच्या घोट्यावर बसला. रेफरीने पेनल्टी दिली, व्हीएआरने (चित्रण बघून रेफरीला मदत करणाऱ्या व्हिडिओ सहायकाने) ती कायम ठेवली, रिप्ले बघायला रेफरी मैदानाकडेच्या मॉनिटरकडे फिरकलासुद्धा नाही. कीपरने किक अडवली, पण परत आलेल्या चेंडूवर गोल झाला आणि सामना तिथेच संपल्यासारखा झाला. आता मित्रांमध्ये तीन तट पडलेत. एक म्हणतो, चेंडू आधी लागला, विषय संपला. दुसरा म्हणतो, पायाला पाय लागला म्हणजे पेनल्टी, उलट लाल कार्डही द्यायला हवं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, असल्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत रेफरीने असला निर्णय द्यायचाच नसतो.

मी बावीस वर्षं शिट्टी वाजवली, त्यानंतर काही वर्षं नव्या रेफरींना शिकवलं. तुमच्या वर्णनावरून सांगतो: पेनल्टी बरोबर होती. पण तुमच्या तिघा मित्रांपैकी एकाचंही कारण बरोबर नाही.

पहिल्या मित्रापासून सुरू करू, कारण ‘चेंडू आधी लागला’ हे वाक्य मी मैदानावर जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. नियमपुस्तिकेतला १२वा नियम फाउलचा. टॅकलबद्दल रेफरीने तपासायचं ते एवढंच: ते निष्काळजीपणाने झालं का, बेपर्वाईने झालं का, की गरजेपेक्षा फार जास्त जोर लावला गेला? निष्काळजीपणा असेल तर नुसता फाउल, बेपर्वाईला पिवळं कार्ड, अतिरेकी जोराला लाल. आधी चेंडू की आधी माणूस, याचा तिथे उल्लेखच नाही. गंमत म्हणजे एके काळी होता. १९९७च्या नियमांत, चेंडूला स्पर्श होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला धक्का लागला तर टॅकल फाउल, असं एक कलम होतं. पुढे ते काढून टाकलं गेलं. पण कलम गेलं तरी समजूत राहिली, आणि राहिली तीही उलटी होऊन. चेंडू आधी लागला की पुढचं सगळं माफ, असं त्या जुन्या कलमातही म्हटलेलं नव्हतं. कीपर उडी मारून चेंडू ठोसतो आणि त्याच झेपेत गुडघा समोरच्याच्या छातीत घालतो, तेव्हा ‘चेंडू आधी लागला’ म्हणून कोणी त्याला सोडून देईल का?

तरी चेंडूच्या स्पर्शाला किंमत आहे. ती पुराव्यापुरती. टॅकल झाल्यावर माझी नजर चेंडूवर जायची आणि मी दोन गोष्टी बघायचो. चेंडूची दिशा बदलली का? आणि बदलल्यावर तो अजून स्ट्रायकरच्या पायात राहिला असता का? चेंडू चार-पाच मीटर उडून गेला असेल, तर स्ट्रायकरने तो गमावलेलाच असतो. त्यानंतर दोघांचे पाय एकमेकांत अडकले तर तो बहुतेक वेळा खेळाचा भाग. शिट्टी तोंडात असली तरी मी फुंकायचो नाही. तुमच्या सामन्यात चेंडू हातभर सरकला. म्हणजे पुढच्या पावलात तो पुन्हा स्ट्रायकरचाच होता, आणि ते पाऊल त्याला टाकता आलं नाही.

आता तो मागचा पाय. घसरून टॅकल करणाऱ्या डिफेंडरचा पुढचा पाय लांब पसरलेला असतो, सगळं लक्ष त्या पायाच्या टोकावर. मागचा पाय गुडघ्यात दुमडलेला असतो आणि अंगाच्या वेगाबरोबर आपोआप फरपटत येतो. चांगला डिफेंडर तो पाय जमिनीला चिकटवून, स्वतःच्या मांडीखाली घेतो. घाईत असलेला डिफेंडर विसरतो, मग तो पाय कात्रीच्या दुसऱ्या पात्यासारखा समोरच्याच्या घोट्यावर येतो. मी दिलेल्या टॅकलच्या पेनल्ट्या आठवतो तेव्हा बऱ्याचशा या मागच्या पायाच्याच निघतात. नियमात निष्काळजीपणाची व्याख्याच अशी आहे: टॅकल करताना लक्ष किंवा विचार नसणं, खबरदारी न घेणं. तुमच्या डिफेंडरच्या पुढच्या पायाने खबरदारी घेतली, मागच्या पायाने घेतली नाही. त्याला पाडायचं नव्हतं हे मलाही मान्य आहे. पण टॅकलच्या फाउलला हेतू लागत नाही.

दुसरा मित्र निकालापर्यंत बरोबर पोचला, पण चुकीच्या वाटेने. पायाला पाय लागणं म्हणजे फाउल, असं धरलं तर एका सामन्यात पन्नास पेनल्ट्या होतील. फुटबॉल अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ आहे. आणि हल्लीचे स्ट्रायकर फार हुशार. डिफेंडर अंगावर येतोय हे दिसलं की आपला एक पाय नैसर्गिक धावेतून बाहेर काढून त्याच्या वाटेत ठेवतात आणि मग कोसळतात. तिथे संपर्क खरा असतो, पण तो घडवून आणलेला असतो. म्हणून रेफरी ‘लागला का’ यापाशी थांबत नाही. कोण कुणाच्या वाटेत आलं, हे बघतो.

लाल कार्डाचं मात्र साफ विसरा. गोलची उघड संधी हिरावली, पण डिफेंडर खरोखर चेंडूसाठी गेला होता, अशा वेळी डीमध्ये पेनल्टीबरोबर फक्त पिवळं कार्ड द्यायचं, हा बदल २०१६ साली झाला. त्याआधी पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्यात बंदी अशी तिहेरी शिक्षा व्हायची. तीच कमी करायला हा बदल केला गेला. शर्ट ओढून किंवा ढकलून संधी हिरावली तर आजही लाल. तुमच्या सामन्यात डिफेंडर चेंडूसाठी गेला होता, कारण त्याच्या बुटाचं टोक चेंडूला लागलं. म्हणजे पहिल्या मित्राचा पुरावा इथे कामाला येतो, पण पेनल्टी रद्द करायला नव्हे, लाल कार्ड वाचवायला. आणि संधी तेवढी उघड नसेल, नुसता चांगला हल्ला मोडला असेल, तर पेनल्टी दिल्यावर पिवळंही द्यायचं नसतं.

तिसऱ्या मित्राचं म्हणणं मला सगळ्यात धोकादायक वाटतं, कारण ते समंजस वाटतं. ‘खेळाडूंना ठरवू दे’ म्हणताना आपण धरून चालतो की शिट्टी वाजवणं म्हणजे ढवळाढवळ आणि न वाजवणं म्हणजे तटस्थ राहणं. २६ एप्रिल १९९८चा तुरिनमधला युव्हेंटस-इंटर या इटलीतल्या दोन बड्या क्लबांचा सामना ज्यांनी पाहिला त्यांना हे पटणार नाही. लीग संपायला थोडेच सामने उरलेले, इंटर एका गुणाने मागे, आणि युव्हेंटस देल पिएरोच्या गोलमुळे १-० पुढे. इंटरचा रोनाल्डो (ब्राझीलचा) डीमध्ये चेंडू पुढे ढकलून निघाला आणि युव्हेंटसचा डिफेंडर इउलियानो त्याच्या वाटेत अंग घालून उभा राहिला. दोघांची धडक झाली, रोनाल्डो पडला, रेफरी चेकारिनींनी खेळ चालू ठेवला. इंटरचे खेळाडू हात वर करून ओरडत असताना चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे इंटरच्या वेस्टने देल पिएरोला पाडलं, आणि या वेळी पेनल्टी मिळाली, युव्हेंटसला. इंटरचा कीपर पाल्युकाने ती किक अडवली हे आज कितीजणांना आठवतं? लोकांना आठवते ती न दिलेली पेनल्टी. इंटरचे प्रशिक्षक सिमोनी मैदानात धावले आणि बाहेर काढले गेले, लीग युव्हेंटसने जिंकली, आणि पुढे इटलीच्या संसदेतही खासदारांची यावरून जुंपली. न वाजलेली शिट्टी तटस्थ असती तर हे झालं नसतं. मी शिकवताना मुलांना घड्याळ झाकून क्लिप दाखवायचो. मिनिट दिसलं की हात थरथरतो.

मोठ्या सामन्याचा दबाव खोटा आहे असं मात्र म्हणत नाही. तो खरा आहे आणि त्याचं मोजमापही झालंय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० रेफरींना एकाच सामन्यातली टॅकल दाखवली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध कमी फाउल दिले. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो, कारण आवाजाचा आपल्यावर परिणाम होत नाही असं मी दर सामन्याआधी स्वतःला बजावत असे.

आता व्हीएआर. चिडचिड इथे सगळ्यात जास्त होते आणि घोळही इथेच होतो. ‘व्हीएआरने पेनल्टी बरोबर ठरवली’ असं तुमच्या गटात म्हटलं गेलं. तसं काही झालेलं नाही. व्हीएआर ‘पेनल्टी आहे का’ हे विचारतच नाही. तो विचारतो, मैदानावरच्या रेफरीची चूक अगदी स्पष्ट, उघड दिसतेय का? क्रिकेट बघणाऱ्याला हे पटकन कळेल, कारण अंपायर्स कॉल त्याच जातीचा आहे. तोच चेंडू, अंपायरने आउट दिला तर आउट, नाबाद दिला तर नाबाद, आणि दोन्ही वेळा यंत्र ‘ठीक’ म्हणतं. तुमच्या सामन्यात रेफरीने पेनल्टी दिली नसती, तरी कदाचित व्हीएआरने तेही कायम ठेवलं असतं. मग खरं काय? दोन्ही. काही टॅकल अशी असतात की दहा चांगल्या रेफरींपैकी सात देतील, तीन देणार नाहीत, आणि त्या तिघांना वेडं म्हणता येणार नाही. मी त्या सातांतला.

रेफरी मॉनिटरकडे का गेला नाही, त्याचंही उत्तर यात आहे. शिट्टी वाजवताच रेफरी कानातल्या संचावर आपण काय पाहिलं ते बोलतो. साधारण असं: ‘पुढच्या पायाने चेंडूला निसटता स्पर्श, चेंडू तिथेच, मागचा पाय घोट्यावर.’ वर बसलेला माणूस चित्रं बघतो. चित्रं आणि वर्णन जुळलं की विषय मिटतो. याच रेफरीने ‘चेंडूला स्पर्शच नाही’ असं म्हटलं असतं आणि चित्रात स्पर्श दिसला असता, तर बहुधा त्याला बोलावलं गेलं असतं. निर्णय तोच, पण रेफरीने काय पाहिलं यावर पुढचं ठरतं. प्रेक्षकांना हा संवाद ऐकू येत नाही, म्हणून त्यांना वाटतं की रेफरीने तोऱ्यात पाहायचं टाळलं.

व्हीएआरचा खरा उपयोग ‘कुठे’ आणि ‘कुणी’ या प्रश्नांना आहे. ६ जून १९७०चा बार्सिलोना-रेआल माद्रिद चषक सामना घ्या. बार्सिलोनाच्या रिफेने माद्रिदच्या व्हेलाझकेसला पाडलं, डीच्या रेषेबाहेर, तेही निसटतं बाहेर नाही, चांगलंच. रेफरी गुरुसेता खूप मागे होते आणि त्यांनी पेनल्टी दिली. अमान्सियोने गोल केला. स्टेडियममधून बसायच्या उशा मैदानात भिरकावल्या गेल्या, शेवटी लोकच मैदानात उतरले आणि सामना वेळेआधी थांबवावा लागला. गुरुसेतांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं. आजच्या काळात हा प्रश्न एका स्थिर चित्राने, रेफरीला मॉनिटरकडे न पाठवताही सुटला असता. १९९८च्या धडकेचं तसं नाही. ती आज कितीही कोनांतून बघा, माणसं अजून भांडतात. मला विचाराल तर पेनल्टी होती.

म्हणून रिप्ले बघताना एक पथ्य पाळा. व्हीएआरच्या नियमांतही ते आहे. संपर्क कुठे झाला, फाउल डीच्या आत की बाहेर, चेंडू रेषेबाहेर गेला का, यासाठी संथ गती वापरा. टॅकलचा जोर किती, हे मात्र नेहमीच्या वेगातच बघा. संथ गतीत साधा धक्का क्रूर दिसतो, आणि अर्ध्या सेकंदात घडलेली गोष्ट डिफेंडरने विचार करून केल्यासारखी वाटते. तुमच्या गटात जे स्थिर चित्र फिरतंय, बुटाचं टोक चेंडूवर टेकलेलं, ते खरंच आहे. त्याच्यापुढची चार चित्रं कोणी पाठवली नाहीत, कारण मागचा पाय त्या चार चित्रांत आहे.

यात लबाडी असेलच असं नाही. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला होता, फार दांडगाईचा. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, ते खुद्द डार्टमथच्या मुलांना दिसलेल्यांच्या दुप्पट होते. फिल्म एकच, डोळे प्रामाणिक. तुमच्या गटातही तेच चाललंय.

आणि रेफरी या आजारातून सुटलेला असतो असं समजू नका, त्याचा आजार फक्त वेगळा. माझी एक पेनल्टी मला अजून टोचते. दोन शेजारच्या क्लबांचा सामना, कॅमेरे नाहीत, व्हीएआर नाही. लांब पास पडला, मी मधल्या वर्तुळातून जीव तोडून धावलो, पण बरोबर त्या दोघांच्या पाठीमागे सापडलो. डिफेंडरचा पाय पुढे जाताना दिसला, ‘टक्’ असा आवाज आला, स्ट्रायकर तोंडावर आपटला. मी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. डिफेंडर ओरडला नाही, नुसता दोन्ही हात डोक्यावर ठेवून बघत राहिला. माणूस अपराधी असला की असं करतो, असं मी मनाशी म्हटलं. सामन्यानंतर कोणीतरी गोलमागून मोबाईलवर घेतलेलं चित्रण दाखवलं. डिफेंडरचा पाय स्ट्रायकरच्या पायापासून वीतभर लांब होता. आवाज होता तो स्ट्रायकरच्या बुटाचा, स्वतःच्याच दुसऱ्या टाचेवर आपटलेल्या. मी वीस मीटरवर होतो, अंतर वाईट नव्हतं. कोन वाईट होता. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा जागी उभं राहायचं असतं. तीन पावलं डावीकडे असतो तर फट दिसली असती. आणि खेळाडूच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायचा नसतो, हेही त्या दिवशी शिकलो. तो डिफेंडर हात डोक्यावर ठेवून अवाक् झाला होता, एवढंच.

जाता जाता, तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला टॅकलपेक्षा जास्त खटकली, आणि तिच्याबद्दल तुमच्यापैकी कुणी चकार शब्द काढलेला नाही. कीपरने किक अडवली आणि परत आलेला चेंडू दुसऱ्याने जाळ्यात मारला. तो दुसरा खेळाडू किक मारली जाण्याच्या क्षणी कुठे होता? किक मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागेपर्यंत कीपर आणि किक मारणारा सोडून सगळ्यांनी डीच्या बाहेर, डीला लागून असलेल्या अर्धवर्तुळाच्या बाहेर आणि चेंडूच्या मागे असायला हवं. डीची रेषा डीचाच भाग, म्हणजे रेषेवर टेकलेला पाय आत धरला जातो. किक मारणाऱ्याचा साथीदार आधी आत घुसला आणि त्यानेच परत आलेला चेंडू गोलमध्ये मारला, तर गोल रद्द होतो आणि बचाव करणाऱ्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) मिळते. किक पुन्हा घ्यायची नसते. इथे ना जोर मोजायचा आहे, ना निष्काळजीपणा. इथे स्थिर चित्र चालतं. तर तो रिप्ले पुन्हा लावा, बूट चेंडूला लागतो तिथे थांबवा, आणि चेंडू सोडून डीच्या रेषेवर कुणाचा पाय आहे ते बघा.